चड्डी खराब होते, मुलगा नाही

नाशिकच्या एका आईचं पत्र आलं आहे. नावं बदलून आणि बरंच आटोपशीर करून देते:

'माझा मुलगा ओम साडेसात वर्षांचा आहे, दुसरीत आहे. गेल्या दीड वर्षापासून त्याला चड्डीतच शी होते. आधी आठवड्यातून एकदा, आता जवळजवळ रोज. विचारलं तर म्हणतो, "मला कळलंच नाही." घाण झालेल्या चड्ड्या कपाटामागे, दप्तरात, एकदा तर तांदळाच्या डब्यामागे लपवलेल्या सापडल्या. सासूबाई म्हणतात, "एवढा घोडा झाला, लाज कशी नाही?" जावेची मुलं त्याला घाणेरड्या म्हणून चिडवतात. शाळेतून बाईंचे दोनदा फोन आले. मिस्टरांनी एकदा हात उचलला, मग स्वतःच रात्रभर झोपले नाहीत. डॉक्टरांनी पोट साफ व्हायचं औषध दिलं होतं. महिनाभर दिलं, बरं वाटलं म्हणून बंद केलं, तर पुन्हा सुरू. दिवाळीत निफाडला मामाकडे अकरा दिवस राहिला, तेव्हा एकदाही झालं नाही. म्हणजे मनात आणलं तर जमतंच ना? आता एका समुपदेशक बाईंकडे जातो. त्यांची पद्धत म्हणजे नॅरेटिव्ह थेरपी, असं त्या म्हणाल्या. त्यांनी ओमला त्या त्रासाला नाव द्यायला सांगितलं. त्याने "गुपचूप" असं नाव दिलं, तिचं चित्रही काढलं. मिस्टर म्हणतात, आठशे रुपये देऊन चित्रं काढून आलात, आता उद्या म्हणेल, मी नाही केलं, गुपचूपने केलं. मलाही तीच भीती वाटते. आपण मुलाला जबाबदारी झटकायला तर शिकवत नाही ना? घरी आम्ही नेमकं काय करायचं?'

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टींपाशी मी फार वेळ थांबले. एक म्हणजे तांदळाच्या डब्यामागची चड्डी आणि दुसरी म्हणजे निफाडचे अकरा दिवस. दोन्ही तुम्ही ओमच्या विरुद्धचा पुरावा म्हणून लिहिल्या आहेत. मला त्या त्याच्या बाजूच्या वाटल्या. ज्या मुलाला काहीच वाटत नाही, ते मूल चड्डी लपवत नाही. ते ती तशीच घालून फिरतं, नाहीतर बाथरूममध्ये टाकून खेळायला पळतं. तांदळाच्या डब्यामागे लपवणारं मूल घाबरलेलं आहे, शरमलेलं आहे आणि आईला कळू नये म्हणून जिवाचा आटापिटा करतं आहे. 'लाज कशी नाही' या प्रश्नाचं उत्तर तुमच्या घरात त्या डब्यामागेच पडलेलं होतं.

निफाडकडे मी नंतर येते. आधी पोटाचं बोलू, कारण ते नीट झालं नाही तर कितीही छान गप्पा मारल्या तरी उपयोग नाही.

'मला कळलंच नाही' असं ओम म्हणतो, ते बहुधा अक्षरशः खरं आहे. या वयात चड्डीत शी होणाऱ्या बहुतेक मुलांना मुळात बद्धकोष्ठ असतं. कधीतरी शी कडक होते, खडा होतो, दुखतं. दुखलं म्हणून मूल पुढच्या वेळी अडवून धरतं. अडवलेली शी आत साठते, आणखी कडक होते, आणखी दुखते. असं महिनोन्‌महिने चाललं की आतड्याचं शेवटचं टोक ताणून सैल पडतं आणि 'आता जायला हवं' ही कळच मेंदूपर्यंत नीट पोचत नाही. मोरी तुंबली की कचऱ्याच्या बाजूने पाणी झिरपतं ना, तसं तुंबलेल्या शीच्या कडेने पातळ शी झिरपते. मुलाला ती रोखता येत नाही. ती आली हेही कळत नाही. सवयीने वाससुद्धा जाणवेनासा होतो. वरून पाहणाऱ्याला वाटतं, रोज तर होतेय, मग बद्धकोष्ठ कसलं?

म्हणून महिन्याभरात औषध बंद करणं हीच तुमची चूक झाली, आणि ती जवळजवळ प्रत्येक घर करतं. आधी साठलेलं सगळं बाहेर काढावं लागतं आणि मग ताणलं गेलेलं आतडं पुन्हा आकसेपर्यंत शी मऊ ठेवावी लागते. याला कित्येक महिने लागतात. पुन्हा त्याच डॉक्टरांकडे जा, मधे थांबवलं होतं हे मोकळेपणाने सांगा, आणि या वेळी त्यांनी सांगितल्याशिवाय बंद करू नका. घरचं एरंडेल किंवा दुकानातून आणलेला एनिमा नको. शीतून रक्त, उलट्या, फुगलेलं पोट, घटतं वजन, पायांत कमजोरी यातलं काही दिसलं तर वाट पाहू नका. आणखी एक नाजूक गोष्ट लिहिते, घाबरू नका: एखाद्या माणसाला किंवा जागेला ओम अचानक घाबरू लागला असेल तर तेही डॉक्टरांना आणि समुपदेशकांना सांगा. क्वचित मूल कुणाच्या वाईट स्पर्शाबद्दल अशा रीतीने बोलत असतं.

रोज नाश्त्यानंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर पाच-दहा मिनिटं त्याला बसवा. खाल्ल्यावर आतडं आपोआप हलतं, त्याचा फायदा घ्यायचा. कमोड असेल तर पायाखाली पाट द्या, पाय लोंबकळत असले की जोर लावता येत नाही. शी झाली नाही तरी बसल्याचं कौतुक करा.

आता गुपचूपकडे येते.

नॅरेटिव्ह थेरपी म्हणजे त्रासाला माणसापासून वेगळं काढून त्याची गोष्ट नव्याने सांगायची पद्धत. ती उभी केली दोन व्यावसायिक समाजकार्यकर्त्यांनी, ऑस्ट्रेलियात ॲडलेडला मायकेल व्हाइट आणि न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला डेव्हिड एप्स्टन यांनी. तुम्हाला आश्चर्य वाटेल, पण तिची सुरुवातच तुमच्या घरातल्या या त्रासापासून झाली. व्हाइट यांचा १९८४ सालचा गाजलेला लेख चड्डीत शी होणाऱ्या मुलांवरच होता. त्यांच्याकडे अशी मुलं यायची, दमलेले आईबाप यायचे, आणि सगळे मिळून ठरवत असायचे की दोष कुणाचा. व्हाइट यांनी त्या त्रासालाच एक व्यक्ती असल्यासारखं नाव दिलं. आपल्याकडे आपण त्याला 'लबाड शी' म्हणू. मग ते विचारू लागले: ही लबाड शी तुमच्या घरात काय काय करते?

पुढे १९९० मध्ये दोघांनी मिळून पुस्तक लिहिलं. त्यात सहा वर्षांच्या एका मुलाची हकिगत आहे. लबाड शीमुळे तो मुलगा इतर मुलांपासून तुटला होता, ही एक गोष्ट. पण तिच्यामुळे त्याच्या आईला आपण आई म्हणून नालायक आहोत असं वाटू लागलं होतं आणि बापाला इतकी शरम वाटायची की त्याने मित्रांमध्ये, नातेवाइकांमध्ये मिसळणं सोडलं होतं. म्हणजे एका चड्डीने तीन माणसांना घरात कोंडलं होतं. मग व्हाइट यांनी दुसरा प्रश्न विचारला: तिने फसवायचा प्रयत्न केला आणि तुम्ही फसला नाहीत, असं कधी झालं? तर तसे प्रसंग निघाले! मुलाकडेही निघाले, आईबापांकडेही. तोवर कुणी विचारलंच नव्हतं म्हणून कुणाला आठवले नव्हते.

सगळी पद्धत या दोन प्रश्नांमध्ये आहे, असं मला वाटतं. तिचं नाव जड आहे म्हणून ती परकी वाटते. आपली भाषा मात्र हे पूर्वीपासून जाणते. मराठीत आपण काय म्हणतो? राग *येतो*. रडू येतं, झोप येते, कंटाळा येतो, आळस येतो. भीती वाटते, लाज वाटते. राग म्हणजे मी नव्हे, तो येतो, आणि जो येतो तो जातोही. स्वतःबद्दल बोलताना आपण किती न्यायाने बोलतो बघा. मुलाबद्दल बोलायची वेळ आली की मात्र हाच माणूस म्हणतो: रडका आहे, चिडका आहे, भित्रा आहे, आळशी आहे, घाणेरडा आहे. येणं-जाणं संपलं, सगळं 'आहे' होऊन बसलं. साडेसात वर्षांच्या मुलाला दिवसातून पाच वेळा 'घाणेरडा आहे' ऐकू आलं तर तो काय करील? जो घाणेरडा *आहे* त्याने काय करायचं असतं? काहीच नाही. करण्याजोगं तिथे काही उरतच नाही.

तुमच्या मिस्टरांच्या शंकेचं उत्तर इथेच आहे. त्यांची शंका रास्त आहे, ती थट्टेवारी नेऊ नका. 'मी नाही, गुपचूपने केलं' असं ओम म्हणेलही एखादे वेळी. त्याला समुपदेशक 'बरं' म्हणून सोडून देत नाहीत, पुढे विचारतात. व्हाइट यांनी या विचारण्याचा क्रमच घालून दिला आहे. आधी मुलाच्या शब्दांत नाव. मग ती काय काय करते: शाळेत, झोपताना, आजी आणि तुझ्यामध्ये. मग, ती जे करते ते तुला चालतं का? आणि शेवटी, का चालत नाही? तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाशी बाजू घ्यावी लागते, आणि ती मुलाने स्वतःच घ्यायची असते.

माझ्याकडे एक नऊ वर्षांची मुलगी यायची (तपशील बदलले आहेत). तिला रात्री एकटीला झोपता येत नसे. तिच्या भीतीचं नाव होतं 'काळू'. काळू जे करतो ते चालत नाही म्हणाली. मी विचारलं, का? ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, 'कारण मला आत्याच्या घरी मुक्कामाला जायचंय. ती गच्चीवर गाद्या घालते.' तोपर्यंत तिच्या घरातल्या सगळ्यांनी 'एवढी मोठी झालीस' हे कारण दिलं होतं. ते त्यांचं कारण होतं. गच्चीवरच्या गाद्या हे तिचं होतं, आणि कामाला ते आलं. त्या मुलीने जबाबदारी झटकली असं कोण म्हणेल? दोषी ठरवलेलं मूल लपवतं, आणि ज्याला स्वतःचं काहीतरी हवं आहे ते मूल कामाला लागतं. हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की याबाबत माझ्या मनात किंतु नाही.

मोठ्या माणसाने मारलं तर मात्र 'राग आला होता' हे उत्तर चालत नाही, हेही स्पष्ट लिहिते. ओमचे बाबा रात्रभर झोपले नाहीत, यावरून त्यांनाही ते ठाऊक आहे. त्यांनी ओमजवळ बसून 'मी मारलं ते चुकलं, पुन्हा मारणार नाही' एवढंच म्हणावं. कारणं देऊ नयेत. बाबांनी स्वतःच्या हातांची जबाबदारी घेतलेली दिसली, की जबाबदारी म्हणजे काय हे ओमला वेगळं शिकवावं लागणार नाही.

आता निफाड.

तुम्ही लिहिलंत, 'म्हणजे मनात आणलं तर जमतंच ना?' हा प्रश्न मी शेकडो आयांकडून ऐकला आहे आणि तो विचारताना प्रत्येकीचा आवाज थकलेला असतो, म्हणून त्यावर रागवत नाही. पण ताई, अकरा दिवस! दीड वर्षाच्या या रखरखाटात सलग अकरा स्वच्छ दिवस सापडले आणि आपण त्यांचा उपयोग मुलाला खोटं पाडायला केला. या पद्धतीने काम करणारी माणसं अशा दिवसांच्या शोधातच असतात. त्रासाने सांगितलेल्या गोष्टीत जे बसत नाही, तिथून दुसरी गोष्ट सुरू होते. 'ओमला जमत नाही' ही तुमच्या घरातली पाठ झालेली गोष्ट. निफाडची गोष्ट अजून कुणी सांगितलेलीच नाही.

तिथे काय वेगळं होतं? मला सुचतं ते असं. मामाकडे भारतीय पद्धतीचा संडास असेल, उकिडवं बसलं की पोटावर आपोआप दाब येतो. सकाळी रिक्षावाल्या काकांचा हॉर्न नव्हता, त्यामुळे दूध प्यायल्यावर आलेली कळ घाईत दाबावी लागली नसेल. शाळेचा संडास नव्हता. हे फार मोठं कारण असतं. पाणी नाही, कडी नाही, आत वास, बाहेर रांग, म्हणून सकाळपासून दुपारपर्यंत अडवून बसणारी किती मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यांत मुलीही तितक्याच. दिवसभर शेतात पळापळ, भरपूर पाणी, पेरू. आणि कदाचित हेही, की तिथे त्याला कुणी घाणेरड्या म्हणत नव्हतं.

पण हे सगळे माझे अंदाज आहेत. खरं ओमला माहीत आहे. त्याला विचारा, आणि पोलिसासारखं विचारू नका. एखाद्याने किल्ला सर केल्यावर आपण 'कुठून चढलास?' असं विचारतो, त्या सुरात विचारा. तिथे कळ आल्यावर तू काय करायचास? खेळ सोडून जायचास का? ते कसं जमवलंस? मामाला सांगायला लागायचं का? तो 'माहीत नाही' म्हणेल. म्हणू द्या. दोन दिवसांनी ताटावर बसल्यावर अचानक सांगेल.

आणि मग हे मामाच्या कानावर घाला. या पद्धतीत साक्षीदारांना फार किंमत आहे. मुलाने घेतलेली बाजू घरातल्या माणसांनी ऐकली, तिला दाद दिली, की ती पक्की होते. तुमच्या घरात सगळ्यात मोठा साक्षीदार कोण होऊ शकतो? सासूबाई. 'लाज कशी नाही' म्हणणारं माणूसच जर म्हणालं, 'आज स्वतःहून गेलास, मी पाहिलं', तर ते आईच्या कौतुकापेक्षा दसपट पोचतं. त्यांना उपदेश करू नका. मदत मागा: 'आई, नाश्त्यानंतर दहा मिनिटं तुम्ही त्याच्याशी गप्पा मारत दाराबाहेर बसाल का? मला डब्याची घाई असते.' आतून ओम, बाहेरून आजी, दार लोटलेलं. तुमच्या सासूबाईंकडे सांगण्यासारख्या गोष्टी नक्की असतील.

एक धोका सांगते. नाव हे मुलाच्या हातातलं हत्यार आहे. घरातल्यांनी ते उचललं की त्याची शिवी होते. 'आली का तुझी गुपचूप?' या वाक्यात सगळं काम धुऊन जातं, तेही 'तुझी' या एका शब्दाने. जावेच्या मुलांना ते नाव सांगायचं की नाही हे ओम ठरवील. त्याला काही दिवसांनी नाव बदलावंसं वाटलं तर बदलू द्या, कंटाळा आला तर सोडूनही द्या. तिला मारायचं, हाकलायचं, लढाई जिंकायची असाही आग्रह नको. काही मुलांना लढायला आवडतं, काहींना त्या त्रासाला दाराबाहेर चपलांजवळ बसवून ठेवणं पुरतं. आणि ज्या दिवशी चड्डी पुन्हा खराब होईल (होईलच, बरं होत असतानाही होते), त्या दिवशी हरल्यासारखं तोंड करू नका.

शाळेत बाईंना भेटा. ओमसमोर नको. हा आजार आहे, उपचार चालू आहेत, त्याला वर्गातून कधीही न विचारता जाऊ द्या, एवढंच सांगायचं. दप्तरात एक जास्तीची चड्डी आणि घट्ट बंद होणारी पिशवी. शाळेच्या संडासात पाणी आहे का, कडी लागते का, हे स्वतः जाऊन पाहा आणि नसेल तर भांडा. तुमच्या भांडणाने आणखी वीस मुलांची पोटं मोकळी होतील.

आठशे रुपयांबद्दल. तुमच्या समुपदेशक बाई जे करत आहेत ते या पद्धतीला धरून आहे, असं पत्रावरून वाटतं. नाव ओमने दिलं आहे, त्यांनी नाही, ही चांगली खूण आहे. पुढच्या वेळी बाबांनाही घेऊन जा आणि त्यांची शंका त्यांनाच विचारू द्या. चांगल्या समुपदेशकाला अशा बापाचा राग येत नाही. मात्र औषध आणि रोजचं बसणं यांमागे जेवढा पुरावा आहे, तेवढा या गप्पांमागे अजून जमलेला नाही, हेही तुम्हाला माहीत असावं. औषधाऐवजी गप्पा असा सौदा कुणी सांगितला तर ऐकू नका. आपल्याकडे मुंबईतल्या 'उम्मीद' या बालविकास केंद्रासारख्या ठिकाणी या पद्धतीचं प्रशिक्षण मिळतं, त्यामुळे ती शिकलेली माणसं मराठी मुलुखातही भेटू लागली आहेत. आणि एखाद्या रात्री तुमचाच धीर सुटला तर टेली-मानस या मानसिक आधाराच्या फोनसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक विनाशुल्क आहे, त्यावर मराठीत बोलता येतं. 'मी आई म्हणून कमी पडले' हा आवाज तुमच्या पत्रात ओळीओळीत आहे. तोही येतो, तोही तुम्ही नाही.

आज संध्याकाळी एक करा. न्हाणीघरात झाकणाची एक बादली ठेवा, निम्मी पाण्याने भरून. ओमला सांगा, चड्डी इथे टाकायची, कुणी काही विचारणार नाही. आणि खरोखर विचारू नका.

या पद्धतीत मुलांना पत्रं लिहायची रीत आहे. एप्स्टन यांची पत्रं तर मुलं जपून ठेवायची. म्हणून सोबत ओमसाठी चार ओळी लिहिल्या आहेत. वाचून दाखवा, आणि मग कागद त्याच्याकडेच राहू द्या.

ओम,

तुझ्या आईने मला पत्र लिहिलं. तू एका त्रासाचं नाव शोधून काढलंस असं तिने कळवलं. गुपचूप! नाव अगदी बरोबर आहे, कारण ती न सांगताच येते. पोटात जागा उरली नाही की ती निसटते आणि तेव्हा मुलाला कळतसुद्धा नाही, असं डॉक्टर सांगतात. तू 'मला कळलंच नाही' म्हणायचास, ते खरं होतं.

दिवाळीत मामाच्या घरी ती अकरा दिवस दिसली नाही म्हणे. तेव्हापासून मी विचार करते आहे. ती तिथे आलीच नाही, की आली होती आणि तू तिला परत पाठवलंस? परत पाठवलंस तर कसं? हे मामाकडच्या कुणाला माहीत आहे का, की तू एकट्यानेच केलंस?

उत्तर लिहायचा कंटाळा आला तर चित्र काढ. आई ते मला पाठवील.

तुझी,
आईला उत्तर लिहिणारी मावशी